एलिजिबल

'एलिजिबल' हा शब्द अमेरिकेत येईपर्यंत मला एकाच संदर्भात माहीत होता. एलिजिबल बॅचलर! सांगलीत आमच्या शेजारी एक मावशी होत्या. लग्नाळू मुलांची अख्खी यादी त्यांना तोंडपाठ असायची आणि इंग्रजीतला हा एवढा एकच शब्द त्या मोठ्या ठसक्यात वापरायच्या. १९९८ मध्ये मी दक्षिणेकडच्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्रात एम.एस. करायला आले, आणि कळलं की इथे या एका शब्दावर पगारी माणसांची ऑफिसंच्या ऑफिसं चालतात.

त्यातल्याच एका ऑफिसात मी दोन वर्षं संध्याकाळची गणिताची शिकवणी घेत होते. तासाला नऊ डॉलर. त्या वेळी मी प्रत्येक डॉलरला बेचाळीसने गुणत असे, त्यामुळे मला ते फार वाटायचे. विद्यार्थी होते युनिव्हर्सिटीच्या टीममधले खेळाडू, बहुतेक फुटबॉलचे. (फुटबॉल म्हणजे इथला, हाताने खेळतात तो.) सहा-साडेसहा फुटांचे, दारातून आत येताना मान वाकवणारे ते मुलगे मला, म्हणजे पाच फूट एक इंचाच्या सलवार-कमीजला, अदबीने 'यस मॅम' म्हणायचे. दक्षिणेत ती पद्धतच आहे. एवढा मान मला त्यापूर्वी कुणी दिला नव्हता आणि नंतरही नाही!

तर एलिजिबल. एनसीएए ही इथल्या कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना. शनिवारी मैदानात उतरायचं तर खेळाडू तिच्या नियमांप्रमाणे अभ्यासात 'पात्र' असावा लागतो. त्या काळी नियम असा होता, की तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा पंचवीस टक्के भाग पूर्ण हवा, चौथं सुरू होताना पन्नास टक्के आणि पाचवं सुरू होताना पंचाहत्तर. शिवाय ठरावीक किमान सरासरी. दिसायला किती साधं! आमच्या ऑफिसात भिंतीवर मोठा तक्ता होता. प्रत्येक खेळाडूपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. हिरवा म्हणजे काळजी नाही. कोच मंडळी अधूनमधून येऊन त्या तक्त्यापुढे उभी राहायची आणि लाल ठिपका दिसला की आमच्या साहेबांना घाम फुटायचा.

त्या मुलांपैकी एकाला मी इथे 'डी' म्हणेन. ऑफेन्सिव्ह लाइनवर खेळायचा, वजन असेल एकशे चाळीस किलो. सरावाचं प्लेबुक, चांगलं जाडजूड बाड असतं ते, त्याला चित्रांवरून पाठ होतं. किती यार्ड राहिले, घड्याळात किती सेकंद, ही गणितं तो माझ्याआधी तोंडी करायचा. पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की वही माझ्याकडे सरकवायचा. "एकदा वाचून दाखवा ना, मॅम." मी वाचून दाखवलं की उत्तर बरोबर! पहिले दोन-तीन आठवडे मला वाटलं कंटाळा करतोय. मग एका संध्याकाळी लक्षात आलं, गणित त्याला येतच होतं. वाक्य वाचता येत नव्हतं. अक्षरं कळायची, शब्दही कळायचे, पण दोन ओळी पुढे गेलं की आधीच्या ओळीचा अर्थ हातातून निसटायचा. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं त्याचं.

मी साहेबांना सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मुद्दाम नोंदवते. त्यांनी शांतपणे फाइल काढली, ठिपका बघितला आणि म्हणाले, "ही इज फाइन. ही इज एलिजिबल." वाचन शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी यायच्या, पण त्यांचे तास ज्यांचे ठिपके लाल त्यांच्यासाठी राखीव. डीचा हिरवा होता ना! मी दर आठवड्याला जो फॉर्म भरायची, त्यात हजेरीचा रकाना होता, वागणुकीचा होता, पुढच्या परीक्षेत किती मार्क अपेक्षित आहेत याचाही होता. याला वाचता येतं का, असा रकानाच नव्हता.

आणि वेळ तरी कुठे होता? नियमाप्रमाणे आठवड्याला वीसच तास सराव, पण मॅचचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरायचा, आणि 'ऐच्छिक' व्यायाम मोजायचाच नाही. डीला शाळेत पी.टी.चा शिक्षक व्हायचं होतं. मात्र शिक्षणशास्त्राचे प्रात्यक्षिक तास दुपारी, आणि दुपारी सराव. मग त्याला अशा विषयाकडे वळवण्यात आलं, ज्याचे सगळे वर्ग सकाळी संपतात. त्या विषयाचं नाव त्याला नीट सांगताही यायचं नाही. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. तेव्हाच्या नियमांनुसार शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असायची, पुढे चालू ठेवायची की नाही ते कॉलेजने ठरवायचं. त्याची चालू ठेवली नाही. तो गावी गेला. गेला त्या दिवशीही तक्त्यावर त्याचा ठिपका हिरवाच होता.

आपल्याकडेही दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात, आणि कॉलेजात कबड्डीच्या पोरांची हजेरी कोण कशी लावतं हे काही मी तुम्हाला सांगायला नको. पण आपलं कॉलेज कबड्डीवर जगत नाही. इथे शनिवारच्या मॅचला सत्तर-ऐंशी हजार माणसं तिकीट काढून येतात, टीव्हीचे करार असतात, आणि बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा गव्हर्नर नसून कुठल्यातरी कॉलेज टीमचा कोच असतो. एवढा पैसा ज्याच्या पायात अडकलाय, त्याचा पेपर तपासणारा माणूस किती मोकळा राहणार?

'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा जोडशब्दही वकिली पोटातून आलेला आहे. १९५० च्या दशकात जखमी खेळाडू आणि मृत खेळाडूंच्या विधवा कामगार म्हणून भरपाई मागू लागल्या, तेव्हा हे कामगार नाहीत, विद्यार्थी आहेत, हे ठसवण्यासाठी एनसीएएने तो रुळवला. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात ते मान्य केलं. तेव्हापासून 'विद्यार्थी' हा शब्द प्रत्येक कागदावर आहे. तो खरा आहे का, हे बघायची जबाबदारी मात्र कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या गळ्यात.

आणि बघायला गेलेल्यांचं काय होतं? जॅन केम्प या जॉर्जिया विद्यापीठात कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायच्या. १९८१ च्या अखेरीस त्यांच्या विभागात नापास होत असलेल्या नऊ फुटबॉलपटूंना वरून पुढे ढकलण्यात आलं. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी शुगर बोलची मॅच होती. केम्पबाईंनी तक्रार केली, त्यांचं पद गेलं, मग नोकरीही गेली. त्या कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांना पंचवीस लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. ती पुढे कमी होऊन दहा लाखांच्या आसपास आली, पण नोकरी परत मिळाली आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना जावं लागलं. नंतर १९८९ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधला नामांकित खेळाडू डेक्स्टर मॅन्ली सिनेटच्या समितीपुढे बसला आणि ओक्लाहोमा स्टेटमध्ये चार वर्षं काढूनही आपल्याला वाचता येत नव्हतं, हे सांगताना रडला. आमच्या डीला मी भेटले त्याच्या आधी दहा वर्षं ही साक्ष झालेली होती.

असं काही उघडकीला आलं की नवा नियम येतो. १९८६ पासून लागू झालेल्या 'प्रपोझिशन ४८'ने सांगितलं, की शाळेत ठरावीक अकरा विषयांत 'सी' सरासरी हवी आणि सॅट परीक्षेत ७०० गुण हवेत, तरच पहिल्या वर्षी खेळता येईल. पुढे तो आणखी कडक करून अशा मुलांची शिष्यवृत्तीच बंद करायचं ठरलं, तेव्हा जॉर्जटाउनचे कोच जॉन थॉम्प्सन जानेवारी १९८९ मध्ये भर मॅचच्या सुरुवातीला कोर्टवरून निघून गेले. त्यांचं म्हणणं असं, की ज्या शाळांनी या गरीब काळ्या मुलांना शिकवलंच नाही त्या शाळांना कुणी जाब विचारत नाही, दार बंद होतं ते मुलांसाठी. मला ते तेव्हाही पटलं असतं आणि आजही पटतं. चाळण कितीही बारीक करा, पीठ दळायचं काम तिने होत नाही. असो. त्यातलं बरंच आता जुनं झालं. जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने सॅटची अट काढूनच टाकली. शाळेतले सोळा मूलभूत विषय आणि त्यांची सरासरी मात्र ठेवली.

२००० नंतर आलेल्या सुधारणा माझ्या धंद्याच्या, म्हणजे आकड्यांच्या. पंचवीस-पन्नास-पंचाहत्तरचं चाळीस-साठ-ऐंशी झालं. टीमला गुण देणं सुरू झालं. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूमागे दर सत्रात दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. मिळालेले गुण भागिले मिळू शकणारे, गुणिले हजार. ९३० च्या खाली गेलात की शिक्षा. ही पोकळ धमकी नव्हती. २०११ चं बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठाला याच गुणांपायी २०१३ ची स्पर्धा खेळता आली नाही. (२०१४ मध्ये ते परत आले आणि पुन्हा जिंकले.)

पण गुण कशाचे, ते पुन्हा एकदा वाचा. पात्र राहिल्याचा आणि टिकल्याचा. पदवीचं प्रमाण काढायच्या दोन रीती आहेत, त्यांची गंमत तर आणखी वेगळी. सरकारच्या रीतीत जो मुलगा अधेमध्ये सोडून गेला, तो नापासात जमा. ही थोडी अन्यायाचीच, कारण दुसऱ्या कॉलेजात जाऊन पदवी घेणाराही पहिल्या कॉलेजच्या हिशेबात बुडीतच. म्हणून एनसीएएने स्वतःची रीत काढली. तिच्यात जो 'पात्र असताना' सोडून गेला, त्याला हिशेबातूनच वगळायचं. अंशातून तर तो जातोच, छेदातूनही जातो. जाहिरातीत झळकतो तो हा दुसरा, भरघोस आकडा. डीसारखा मुलगा, गुडघा मोडून, पदवी अर्धवट टाकून, पण एलिजिबल असताना गावी गेलेला, या गणितात यश नाही आणि अपयशही नाही. तो नाहीच. संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही पोरांना सांगतो, आधी छेद बघा. तेवढं केलं तरी पुष्कळ कळतं.

लग्नानंतर मी नॉर्थ कॅरोलायनात आले ती इथलीच झाले. इथे कॉलेज बास्केटबॉल हा धर्म आहे. आकाशी निळा म्हणजे चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, गडद निळा म्हणजे ड्यूक. आमच्या गणपतीत आरती झाल्यावर पोरंटोरं या दोन रंगांवरून भांडतात. त्यामुळे २०११ पासून रॅलीच्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर'मध्ये चॅपल हिलच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा इथल्या कित्येक घरांत सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मी मात्र त्या बातम्या एका बैठकीत वाचून काढायची. मला त्या ओळखीच्या वाटायच्या.

झालं होतं ते असं. तिथल्या आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात काही वर्ग निव्वळ कागदावर भरत. शिक्षक नाही, तास नाही, हजेरी नाही. सत्राअखेर एक निबंध द्यायचा. तो तपासायच्या विभागाच्या कारकून डेबोरा क्राउडर. त्या प्राध्यापक नव्हत्या. निबंध कसाही असो, मार्क मात्र घसघशीत. विभागप्रमुख ज्युलियस न्यांगओरो यांना हे माहीत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये केनेथ वेनस्टीन या वकिलांचा चौकशी अहवाल आला. १९९३ ते २०११, म्हणजे अठरा वर्षं, आणि ३,१०० हून अधिक विद्यार्थी. विद्यापीठात खेळाडू ४ टक्क्यांच्या आसपास, पण या वर्गांतल्या नोंदण्यांत ४७ टक्क्यांहून जास्त त्यांच्या. क्राउडरबाई २००९ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा फुटबॉलच्या अभ्यास-सल्लागारांनी कोच मंडळींना चक्क स्लाइड दाखवून सांगितलं, की ज्या वर्गांना जावं लागत नव्हतं, वह्या काढाव्या लागत नव्हत्या, ते वर्ग आता उरले नाहीत. त्या सत्रात टीमची सरासरी २.१२१ वर आली. दहा वर्षांतली सर्वांत कमी.

क्राउडरबाईंबद्दल मला राग यायला हवा, पण पुरता येत नाही. त्या स्वतः तिथेच शिकलेल्या. आपण विद्यार्थिनी असताना आपल्याला कुणी हात दिला नाही, ही सल त्यांच्या मनात होती आणि अडचणीतल्या पोरांना त्यांनी आपल्या परीने हात दिला, असं अहवालच सांगतो. फक्त खेळाडूंनाच नाही, आजारी, घरून खचलेल्या, कुणालाही. दया होती ती. पण त्या दयेने पोराच्या हातात निबंधाचे मार्क आले, निबंध आला नाही. आणि त्या मार्कांवर कोचचे, सल्लागारांचे, विद्यापीठाचे, एनसीएएचे, सगळ्यांचे ठिपके हिरवे राहिले. कुणालाच विचारायची गरज पडली नाही. नियम जितके कडक, तितकी असल्या वर्गांची गरज मोठी, हे इतकं साधं असूनही.

तिथे वाचन सुधारायला मदत करणाऱ्या मेरी विलिंगहॅम यांनी तोंड उघडलं. खेळाडूंच्या वाचनाबद्दल त्यांनी दिलेले आकडे विद्यापीठाने अमान्य केले, बाहेरून आणलेल्या तज्ज्ञांनीही त्या निष्कर्षांना हरकत घेतली, आणि संख्याशास्त्राच्या चष्म्यातून मीही ते आकडे छातीठोकपणे मांडणार नाही. पण कागदी वर्ग होते, हे त्यांचं म्हणणं अहवालाने खरं ठरवलं. नोकरी सोडून त्या कोर्टात गेल्या आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने ३ लाख ३५ हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

मग निकालाचा दिवस. दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या मान्यता-मंडळाने २०१५ मध्ये विद्यापीठाला वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं होतं. त्या मंडळाला लिहिलेल्या पत्रात विद्यापीठानेच या प्रकाराला शैक्षणिक लबाडी म्हटलं होतं. एनसीएएपुढे मात्र तो शब्द चुकून पडला असं सांगितलं, आणि आमच्या तेव्हाच्या नियमांत हे वर्ग बसत होते, अशी भूमिका घेतली. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी एनसीएएच्या समितीने जाहीर केलं, की हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, सबब खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. आणि शैक्षणिक लबाडी कशाला म्हणायचं ते विद्यापीठाने ठरवायचं, आम्ही नाही. काय तो प्रोफेसरांवर आणि क्राउडरबाईंवर सहकार्य न केल्याचा ठपका. विद्यापीठाला शिक्षा शून्य.

म्हणजे बघा, फसवणूक फक्त खेळाडूंची केली असती तर गुन्हा. सगळ्यांचीच केली म्हणून सुटका! त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके वाजले.

लोक म्हणतात आता सगळं बदललंय. बदललंय हे खरं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं. २०२४ पासून अभ्यासात पात्र असाल तर कितीही वेळा कॉलेज बदला, लगेच खेळा. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षाची मर्यादा दर कॉलेजमागे २ कोटी ५ लाख डॉलर. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्याच्या घामावर स्टेडियम भरतं त्याला पैसे मिळावेत. पण तीन वर्षांत तीन कॉलेजं केलेल्या पोराची पदवी कुठल्या विषयाची आणि कुणाच्या हिशेबातली? प्रत्येक बदलात काही क्रेडिट्स गळतात. मास्तर तर कधीचे गळालेत.

डीचा नि माझा नाताळच्या शुभेच्छांपुरता संबंध राहिलाय. तो ट्रक चालवतो. गेल्या वर्षी नाताळ नसताना त्याचा फोन आला. धाकटा मुलगा हायस्कुलात लाइनवर खेळतो, घरी कोच मंडळी यायला लागली आहेत, मोठमोठे आकडे बोलतात. "मॅम, मी त्यांना काय विचारू?" मी म्हटलं, कुठले विषय तुमच्या सरावाच्या वेळेमुळे घेता येत नाहीत, ते विचार. वाचण्या-लिहिण्यात मागे असेल तर शिकवायला कोण आहे, त्या माणसाचं नाव विचार. जे पदवी न घेता गेले ते किती, आणि ते टक्केवारीत धरलेत का, ते विचार. तो "हळू सांगा, लिहून घेतोय" म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि गुडघा गेला तर शिष्यवृत्ती राहते का, हे विचारू?"

ते सगळ्यात आधी विचार, म्हटलं. आणि उत्तर कागदावर घे.